झोत नेमका कुठे मारायचा? मायक्रोवेव्हच्या प्रवाहाने प्लाझ्माची स्थिरता तपासण्याची पद्धत

टोकामॅक या वलयाकार संलयन यंत्रात चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला प्लाझ्मा (अतितप्त आयनित वायू) बिघडतो तेव्हा पुष्कळदा एका अरुंद थरातला विद्युतप्रवाह कमी-जास्त झालेला असतो. तो थर जेमतेम काही सेंटीमीटर जाडीचा असतो आणि भोवतालचं तापमान कोट्यवधी अंशांत असतं, त्यामुळे तिथे तार किंवा इलेक्ट्रोड घालणं शक्य नाही. मायक्रोवेव्हचा बारीक झोत मात्र तिथपर्यंत पोचतो आणि हव्या त्या थरात, हव्या त्या दिशेने प्रवाह चालवतो. म्हणून अस्थिरता दाबायला तो जितका उपयोगी, तितकाच ती समजून घ्यायलाही. बाकी सगळं तसंच ठेवून एकाच थरातला प्रवाह बदलायचा आणि प्लाझ्मा काय उत्तर देतो ते पाहायचं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या साधनात क्वचितच मिळते.

हा लेख कोकणातल्या कॉलेजांत एम.एस्सी. फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. टोकामॅक रत्नागिरीत नाही, सावंतवाडीतही नाही. त्यासाठी गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत जावं लागतं. पण अशा प्रयोगाचं मोठं काम यंत्राजवळ जाण्याआधीच झालेलं असतं, आणि ते कागद, लॅपटॉप आणि कॉलेजातला एक्स-बँड (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा मायक्रोवेव्ह) बेंच यांवर होतं. (आपल्याकडे 'अणू' म्हटलं की आधी जैतापूर आठवतं. तो प्रस्तावित प्रकल्प युरेनियमच्या विखंडनाचा. इथे विषय हायड्रोजनच्या जड भावंडांच्या संलयनाचा आहे. दोन्हींचं भौतिकशास्त्र आणि धोके वेगळे आहेत.)

प्रवाह चालतो कसा

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो. १ टेस्ला क्षेत्रात त्याची फिरण्याची वारंवारिता २८ गिगाहर्ट्झ असते. लहरीची वारंवारिता याच्या एकपट किंवा दुप्पट ठेवली की इलेक्ट्रॉन लहरीतून ऊर्जा घेतो. झोत सरळ आत न मारता टोकामॅकच्या लांब, म्हणजे वलयाभोवतीच्या (टोरॉइडल) दिशेने थोडा तिरका मारला, तर डॉप्लर परिणामामुळे एकाच दिशेने धावणारे इलेक्ट्रॉन लहरीशी जुळतात. त्यांना मिळणारी ऊर्जा मुख्यतः क्षेत्राला आडव्या गतीत जाते, म्हणजे लहर त्यांना पुढे ढकलत नाही. पण वेगवान इलेक्ट्रॉनच्या टकरी कमी होतात, साधारण वेगाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. त्या दिशेचे इलेक्ट्रॉन आपली गती जास्त वेळ टिकवतात, उलट दिशेचे लवकर गमावतात आणि या फरकातून निव्वळ प्रवाह उभा राहतो. फिश आणि बूझर यांनी १९८० साली मांडलेली यंत्रणा ती हीच.

तिच्या उलट काम करणारी एक गोष्टही असते. टोकामॅकच्या बाहेरच्या बाजूला क्षेत्र कमी असतं आणि तिथे बरेच इलेक्ट्रॉन चुंबकीय आरशांमध्ये (वाढत्या क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन परत फिरतो अशा जागांमध्ये) अडकून मागे-पुढे हेलकावत असतात. आडवी ऊर्जा मिळून एखादा मोकळा इलेक्ट्रॉन अडकलेल्यांत जमा झाला की तो प्रवाहातून बाद होतो आणि उलटा प्रवाह तयार होतो. याला ओकावा परिणाम म्हणतात. मधल्या अक्षापासून जितकं बाहेर जाल तितका हा परिणाम मोठा होतो.

आधी अस्थिरता निवडा

'स्थिरता तपासायची आहे' एवढ्यावर प्रयोग उभा राहत नाही. दोन लक्ष्यं सर्वांत उपयोगी आहेत.

पहिलं म्हणजे करवती दोलन. मध्यभागात सुरक्षा-गुणक क्यू (क्षेत्ररेषा अक्षाभोवती एक वेढा घेईपर्यंत वलयाभोवती किती फेऱ्या मारते तो आकडा) एकच्या खाली गेला की मधलं तापमान हळूहळू चढतं आणि धाडकन पडतं. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. क्यू = १ च्या पृष्ठभागाच्या जरा आत प्लाझ्माच्या प्रवाहाच्याच दिशेने प्रवाह घातला तर दाते लवकर लवकर येतात, जरा बाहेर घातला तर लांबतात. उलट दिशेचा प्रवाह घातला की हेही उलटतं. काही सेंटीमीटरच्या अंतरात परिणामाचं चिन्ह बदलतं, त्यामुळे झोत कुठे पडतोय हे ताडून पाहायला याच्याइतकी चोख परीक्षा नाही. नवख्या गटाने सुरुवात इथूनच करावी.

दुसरं लक्ष्य म्हणजे चुंबकीय बेटं. क्यू = ३/२ किंवा २/१ असलेल्या पृष्ठभागावर क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जुळतात आणि बेट तयार होतं. बेटात दाब सपाट होतो. दाबाच्या उतारामुळे आपोआप चालणारा बूटस्ट्रॅप प्रवाह तिथे उरत नाही, आणि तो नसल्यामुळे बेट आणखी फुगतं. ३/२ बेटाने ऊर्जा गळते. २/१ बेट त्याहून धोकादायक, कारण ते फिरता फिरता थांबून भिंतीला जखडतं आणि पुष्कळदा सगळा प्लाझ्माच कोसळतो. सुपारीच्या बागेत पाटाला भगदाड पडलं की चिखलाचा गोळा बरोबर त्या भगदाडातच बसवावा लागतो, हातभर बाजूला टाकलेला वाया जातो. इथे हरवलेल्या प्रवाहाचं तसंच आहे. २००० साली जर्मनीतल्या गार्खिंगच्या आस्डेक्स अपग्रेड टोकामॅकवर असं बेट मायक्रोवेव्हच्या प्रवाहाने पूर्ण दाबल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे जपानच्या जेटी-६०यू आणि अमेरिकेच्या डीथ्री-डी यंत्रांवरही ते साधलं.

पुढचे आकडे आस्डेक्स अपग्रेडच्या मापाच्या यंत्रासाठी आहेत: मोठी त्रिज्या (वलयाच्या केंद्रापासून प्लाझ्माच्या अक्षापर्यंत) १.६५ मीटर, छोटी (अक्षापासून प्लाझ्माच्या कडेपर्यंत) ०.५ मीटर, मध्यावर क्षेत्र २.५ टेस्ला. सरावासाठी घनता ४ (एकक १०^१९ प्रति घनमीटर), तापमान २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ३/२ पृष्ठभाग अक्षापासून ०.२५ मीटरवर धरू.

वारंवारिता आणि घनतेची मर्यादा

दुसऱ्या हार्मोनिकला, म्हणजे फिरण्याच्या दुप्पट वारंवारितेला, १ टेस्लामागे ५६ गिगाहर्ट्झ लागतात. २.५ टेस्लाला १४० गिगाहर्ट्झ. हिशेब एका ओळीचा आहे.

लहर आत पोचेल का, हे मात्र घनतेवर ठरतं. साधारण लहरीसाठी, म्हणजे विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर असलेल्या लहरीसाठी, मर्यादा ०.००१२४ × वारंवारितेचा वर्ग (गिगाहर्ट्झमध्ये) इतकी येते. १४० ला ती २४ आहे. असाधारण लहर (विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला आडवं असलेली) दुसऱ्या हार्मोनिकला वापरली तर मर्यादा याच्या निम्मी, म्हणजे १२. आपली घनता ४, त्यामुळे वाट मोकळी आहे. पण मर्यादेच्या निम्म्यापर्यंत गेलात तरी झोत वाकायला लागतो आणि नेम हलतो. मर्यादा ओलांडली तर लहर आरशावरून परतावी तशी परत येते आणि मेगावॅटभर शक्ती भिंतीवर नाहीतर एखाद्या मापनयंत्राच्या खिडकीवर जाऊन पडते.

झोत खरोखर कुठे शोषला जातो

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

क्षेत्र मोठ्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. थंड इलेक्ट्रॉन धरले तर १४० गिगाहर्ट्झचा जुळणीबिंदू बरोबर १.६५ मीटरवर येतो. पण आपला झोत तिरका आहे आणि इलेक्ट्रॉन गरम आहेत. झोत वळवणारा आरसा २.३५ मीटरवर असून तिरकेपणा १५ अंश असेल, तर क्षेत्राच्या दिशेने लहरीचा अपवर्तनांक आरशापाशी ०.२६ असतो. हा अंक आणि त्रिज्या यांचा गुणाकार वाटेत कायम राहतो. त्यामुळे १.७ मीटरपाशी पोचेपर्यंत तो ०.३६ होतो. शोषण करणारे इलेक्ट्रॉन सरासरी वेगाचे नसतात, साधारण अडीचपट वेगाचे असतात. २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला हा वेग प्रकाशाच्या ०.१५६ पट येतो. डॉप्लर सरक ०.३६ × ०.१५६, म्हणजे ५.६ टक्के. सापेक्षतेमुळे इलेक्ट्रॉन जड होतो, त्याची उलट दिशेची सुधारणा दीड-दोन टक्के. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे ४ टक्के कमी असलेल्या जागी, म्हणजे १.७२ मीटरच्या आसपास जुळणी होते.

थंड हिशेबापेक्षा ७ सेंटीमीटर बाहेर! बेटाची रुंदी बहुतेक वेळा त्याहून कमी असते. 'जुळणीबिंदूवर नेम धरला तरी काहीच झालं नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या ७ सेंटीमीटरमध्ये असतं.

आता १.७२ मीटरच्या उभ्या रेषेवर, अक्षापासून ०.२५ मीटरवर असलेला बिंदू शोधा. तो मध्यरेषेच्या सुमारे ०.२४ मीटर वर येतो. आरसा तिकडे वळवायचा. त्रुटींचा हिशेबही लगेच करून ठेवा: क्षेत्र १ टक्का चुकलं तर शोषणाची जागा १.७ सेंटीमीटर सरकते. आरसा १ अंश चुकला तर ०.७ मीटर अंतरावर झोत १.२ सेंटीमीटर हलतो. प्लाझ्मा स्वतः १ सेंटीमीटर वर-खाली झाला तर तेवढीच आणखी चूक. तिन्ही मिळून बेटाच्या बाहेर जायला वेळ लागत नाही.

हे सगळं पायथनमध्ये शंभरेक ओळींत बसतं: सरळ रेषेचा झोत, त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात क्षेत्र, प्रत्येक पावलाला जुळणीची तपासणी. आधी तो कोड स्वतः लिहा. टोरबीम किंवा जेनरे यांसारखे किरण-मागोव्याचे कार्यक्रम नंतर वापराल तेव्हा आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का, हे त्यावरून कळेल. सरळ रेषेच्या आणि पूर्ण कोडच्या उत्तरांत या घनतेला काही सेंटीमीटरहून जास्त तफावत आली, तर आधी इनपुट फाइलमधल्या अंशांची आणि चिन्हांची खातरजमा करा.

झोताची जाडी वेगळी काढा. १४० गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.१४ मिलिमीटर. कंबर (झोताची सर्वांत बारीक जागेची त्रिज्या) २० मिलिमीटर ठेवली तर १ मीटर पुढे झोताची त्रिज्या ४० होते. कंबर ३० ठेवली तर ३८. कंबर बारीक केली की झोत पुढे जास्त पसरतो, हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही.

प्रवाह किती, आणि तो पुरेल का

कामचलाऊ सूत्र असं: प्रवाह (अँपिअर) = कार्यक्षमता × शक्ती (वॅट) × तापमान, भागिले ३.२७ × मोठी त्रिज्या × घनता. कार्यक्षमता हा एककरहित आकडा साधारण ०.१ ते ०.४ दरम्यान असतो. मध्याकडे जास्त, बाहेर कमी. ०.२ धरून १ मेगावॅटला साडेअठरा किलोअँपिअर येतात.

प्लाझ्मातला एकूण प्रवाह शेकडो किलोअँपिअर असतो. त्यापुढे साडेअठरा किरकोळ वाटतात. पण तुलना एकूण प्रवाहाशी करायची नाही, त्या थरातल्या प्रवाहघनतेशी करायची. शोषणाची पूर्ण रुंदी ४ सेंटीमीटर असेल तर वलयाचं क्षेत्रफळ २ × ३.१४ × ०.२५ × ०.०४, म्हणजे ०.०६३ चौरस मीटर. प्रवाहघनता ०.२९ मेगाअँपिअर प्रति चौरस मीटर. तिथला बूटस्ट्रॅप प्रवाह ढोबळमानाने असा काढा: अक्षापासूनचं अंतर (०.२५ मीटर) आणि मोठी त्रिज्या यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ (०.३९) × दाबाचा उतार (सुमारे १ लाख पास्कल प्रति मीटर) भागिले पोलॉइडल, म्हणजे अक्षाभोवती फिरणारं, क्षेत्र (०.२५ टेस्ला). उत्तर ०.१६ येतं. म्हणजे आपण हरवलेल्या प्रवाहाच्या १.८ पट घालतो आहोत. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या आखणीत हे गुणोत्तर किमान १.२ असावं असा निकष धरलेला आहे, त्या मानाने आपण सुरक्षित बाजूला आहोत.

आता रुंदी ८ सेंटीमीटर करा. तीच शक्ती, तोच एकूण प्रवाह, पण गुणोत्तर ०.९ वर येतं. झोत पसरट झाला, तिरकेपणा गरजेपेक्षा जास्त झाला किंवा दोन जायरोट्रॉनचे (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळ्यांचे) झोत एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर हेच घडतं. शक्ती दुप्पट करण्याआधी झोत अरुंद आहे का ते पाहा.

तिरकेपणा वाढवला तर एकूण प्रवाह आधी वाढतो, पण थरही रुंदावतो. बेट दाबायचं तर जास्तीत जास्त प्रवाहघनता देणारा कोन निवडावा, एकूण प्रवाह कमाल करणारा नव्हे. दोन्ही कोन बहुधा वेगळे येतात.

दिशा आणि ध्रुवण

कमी क्षेत्राच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने झोत मारला तर लहर ज्या दिशेने झुकलेली असते त्याच दिशेने धावणारे इलेक्ट्रॉन आधी जुळतात. इलेक्ट्रॉन ऋणभारित, म्हणून प्रवाह उलटा. प्लाझ्माच्या प्रवाहाच्या दिशेनेच प्रवाह हवा असेल तर झोत त्या प्रवाहाच्या विरुद्ध झुकवायचा. चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली तरी हा नियम बदलत नाही. प्लाझ्माच्या प्रवाहाची दिशा बदलली की बदलतो. यंत्रागणिक कोनाची धन-ऋण दिशा वेगळी ठरवलेली असते, त्यामुळे वरून पाहिलेलं चित्र काढून त्यावर चारही बाण (क्षेत्र, प्लाझ्मा प्रवाह, झोत, चालवलेला प्रवाह) दाखवल्याशिवाय नियंत्रण कक्षात पाऊल ठेवू नका.

ध्रुवण मात्र क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असतं. तिरक्या झोतात असाधारण लहर लंबवर्तुळाकार ध्रुवित असते आणि तिच्या फिरण्याची दिशा झोत क्षेत्राच्या बाजूने झुकलाय की विरुद्ध, यावर ठरते. आरसा +१५ वरून −१५ अंशांवर नेला आणि ध्रुवक (लहरीचं ध्रुवण ठरवणारा भाग) तसाच ठेवला, की शक्तीचा काही भाग साधारण लहरीत जातो. दुसऱ्या हार्मोनिकला ती फारच कमी शोषली जाते, म्हणून प्लाझ्मातून आरपार जाऊन आतल्या भिंतीवर आदळते. १ मेगावॅटचे ५ टक्के म्हणजे ५० किलोवॅट भटकी शक्ती. भटक्या लहरींचा संवेदक अचानक चढला तर पहिला संशय ध्रुवकावर घ्या.

शॉट कसे लावायचे

शोधप्रयोग आणि निव्वळ दुरुस्ती यांतला फरक इथे दिसतो. बेट दबलं, पण कशाने? झोत प्रवाह चालवतो तसा तापवतोही. तापल्यामुळे विरोध कमी होऊन साधा प्रवाहही त्या थरात वाढतो. ही दोन कारणं वेगळी करायला किमान चार शॉट (यंत्रात प्लाझ्मा पेटवण्याच्या फेऱ्या) हवेत: झोताशिवाय, प्रवाहाच्या दिशेने, उलट दिशेने आणि सरळ म्हणजे फक्त तापवणारा. शक्ती सगळीकडे तीच. सरळ झोतात डॉप्लर सरक नसते, त्यामुळे त्याची शोषणाची जागा वेगळी येते. ती त्याच पृष्ठभागावर आणण्यासाठी आरसा किंवा क्षेत्र बदलावं लागतं. हे न करता केलेली तुलना कुचकामी ठरते. प्रवाहाच्या दिशेचा आणि उलट दिशेचा परिणाम यांतला फरक प्रवाहाचा, दोघांत समान असलेला भाग तापण्याचा, असं ढोबळ वाचन करता येतं.

नंतर जागेची फेरी: शक्ती न बदलता शोषणाची जागा अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरने आतून बाहेर न्या. आरसा हळू फिरवून एका शॉटमध्येही हे जमतं, पण फिरण्याचा वेग थरातल्या प्रवाहाला बसायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मंद हवा. ४ सेंटीमीटर थरात, २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, तो वेळ एक-दोन दशांश सेकंद असतो. तापमान मात्र काही मिलिसेकंदांपासून काही दहा मिलिसेकंदांत बदलतं. म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या पल्समध्ये जे दिसतं ते जवळजवळ सगळं तापवण्याचंच असतं. त्याला प्रवाहाचा परिणाम म्हणू नये.

शेवटी सीमारेषेचा प्रयोग. बेट उभं असताना बाहेरची तापनशक्ती सावकाश उतरवत न्या आणि कोणत्या दाबाला बेट आपोआप विरतं ते टिपा. मग झोतासह तेच करा. दोन दाबांतल्या फरकावरून झोताने स्थिरतेत किती भर घातली ते आकड्यात मिळतं, आणि बेटाची वाढ सांगणाऱ्या रदरफोर्डच्या सुधारित समीकरणातली पदं त्यावर घासून पाहता येतात. बेट उगवण्याआधीच झोत सुरू ठेवला तर कमी शक्ती पुरते, कारण बेट लहान असताना त्याला आवरणं सोपं असतं. हा वेगळा शॉट जरूर ठेवा.

बेट फिरत असतं. झोत सतत चालू असला तर निम्मा वेळ तो बेटाच्या मध्यावर आणि निम्मा वेळ कडेच्या छेदबिंदूवर पडतो. थर बेटापेक्षा अरुंद असेल तर हरकत नाही. रुंद असेल तर शक्ती बेटाच्या फिरण्याबरोबर चालू-बंद करावी लागते, अनेक किलोहर्ट्झ वेगाने, कला नेमकी जुळवून. कला उलटी बसली तर बेट दबण्याऐवजी वाढतं.

काय मोजायचं, कुठे फसगत होते

भिंतीलगतच्या मिरनॉव्ह कॉइल बेटाच्या फिरण्याचं चुंबकीय चिन्ह पकडतात. टोरॉइडल दिशेने लावलेल्या कॉइलमधल्या कलाफरकावरून एन (३/२ मधला २) आणि पोलॉइडल दिशेच्या फरकावरून एम (३/२ मधला ३) मिळतो. बेटाची रुंदी क्षेत्राच्या आंदोलनाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते, म्हणून आंदोलन पावपट झालं तर बेट फक्त निम्मं झालेलं असतं.

मोठा सापळा असा: कॉइल क्षेत्र नव्हे, क्षेत्राच्या बदलाचा वेग मोजते. बेटाचं फिरणं मंदावलं की सिग्नल उतरतो आणि बेट भिंतीला जखडलं की शून्य होतो. पडद्यावर 'बेट गेलं' असं दिसतं, आणि थोड्याच वेळात प्लाझ्मा कोसळतो. म्हणून सिग्नलला वारंवारितेने भागा, जखडलेल्या बेटासाठीच्या सॅडल कॉइल सोबत पाहा आणि तापमानाच्या आलेखातला सपाट तुकडा खरोखर नाहीसा झालाय का ते तपासा.

तापमानासाठी इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन उत्सर्जनाचा रेडिओमीटर वापरतात. बेटाच्या मध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या वाहिन्यांत आंदोलनाची कला १८० अंशांनी उलटते. जिथे उलटते तिथे बेटाचा मध्य. झोताची जागा शोधायला शक्ती थोडी, समजा १०० हर्ट्झने, कमी-जास्त करा. ज्या वाहिनीत त्या वारंवारितेचा सिग्नल सर्वांत मोठा आणि सर्वांत आधी येतो, तिथे शोषण होतंय. ही वारंवारिता करवती दोलनाच्या वारंवारितेपासून लांब ठेवा, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात. या दोन जागा एकाच मापकाने मोजल्यामुळे त्यांच्यातलं अंतर विश्वासाने सांगता येतं, जरी दोन्हींची निरपेक्ष जागा सेंटीमीटरभर चुकलेली असली तरी.

रेडिओमीटरपुढे जायरोट्रॉनच्या वारंवारितेचा खाच-फिल्टर हवाच. जायरोट्रॉन सुरू झाल्यावर पोकळी तापते आणि वारंवारिता थोडी खाली सरकते. फिल्टर फार अरुंद असेल तर नेमका सुरुवातीचा क्षण निसटतो आणि मिक्सर डायोड जळतो. संरक्षणाच्या अटी आधीच लिहून द्या: घनता खालच्या मर्यादेखाली गेली, वरच्या मर्यादेच्या वर गेली, प्लाझ्मा प्रवाह पडला किंवा लहरनळीत ठिणगी दिसली, की झोत बंद. मेगावॅट वर्गाच्या जायरोट्रॉनला सुमारे ८० किलोव्होल्ट आणि ४० ते ५० अँपिअर लागतात. ते काम तिथल्या प्रशिक्षित माणसांचंच.

कॉलेजातल्या बेंचवर काय करता येतं

पुष्कळ कॉलेजांत एक्स-बँड बेंच असतो: क्लायस्ट्रॉन किंवा गन ऑसिलेटर, आयसोलेटर, अटेन्युएटर, स्लॉटेड लाइन, डिटेक्टर आणि दोन हॉर्न. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मिलिमीटर आणि शक्ती मिलिवॅटमध्ये. ध्रुवकाचा सराव यावर उत्तम होतो.

फूटभर लांब-रुंद अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ४ मिलिमीटर रुंद पट्ट्या १० मिलिमीटर अंतरांनी समांतर बसवा. पट्ट्यांची उंची ३.७५ मिलिमीटर ठेवली (तरंगलांबीचा आठवा भाग) तर पट्ट्यांशी ४५ अंशांत सरळ ध्रुवित असलेली लहर जवळजवळ वर्तुळाकार होऊन परत येते. उंची ७.५ मिलिमीटर केली (पाव तरंगलांबी) तर ध्रुवणाची दिशा फिरते. मेगावॅटच्या लहरमार्गात आरशांवर कोरलेल्या खाचा हेच काम मिलिमीटरच्या अंशांत करतात. दुसरा हॉर्न त्याच्या अक्षाभोवती १० अंशांनी फिरवत वाचन घ्या. वर्तुळाकार ध्रुवणात वाचन सपाट राहायला हवं. तसं नसेल तर पट्ट्यांची उंची कागदाच्या घड्या घालून थोडी बदलून पाहा. डिटेक्टर कमी शक्तीलाच वर्ग-नियम पाळतो, म्हणून अटेन्युएटर आधी वाढवून ठेवा. क्लायस्ट्रॉन असेल तर पंखा आधी, मग रिपेलरचा व्होल्टेज, आणि बीमचा व्होल्टेज सर्वांत शेवटी.

जून ते सप्टेंबर बेंचची काळजी घ्या. खारी दमट हवा पितळी फ्लँजवर हिरवट थर चढवते, जोड नीट बसत नाहीत आणि स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर विनाकारण वाढलेलं दिसतं. लहरनळ्यांची तोंडं टोपणांनी बंद करून सिलिका जेलसह डब्यात ठेवा. डिटेक्टरचा क्रिस्टल तर कायम डब्यातच. वाचन घ्यायच्या आधी फ्लँज स्पिरिटने पुसून स्क्रू चारही कोपऱ्यांत सारखे आवळा.

आदित्य-यू साठी हाच हिशेब

गांधीनगरच्या त्याच संस्थेतल्या आदित्य-यू टोकामॅकची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, छोटी ०.२५ मीटर, क्षेत्र १.५ टेस्लापर्यंत. तिथे ४२ गिगाहर्ट्झचा ५०० किलोवॅटचा जायरोट्रॉन आहे. ४२ भागिले २८ म्हणजे १.५, म्हणून पूर्ण क्षेत्राला पहिला हार्मोनिक, क्षेत्र ०.७५ टेस्ला ठेवलं तर दुसरा. पहिल्या हार्मोनिकला साधारण लहरीची घनता-मर्यादा २.२ येते, त्यामुळे घनता २ च्या बरीच खाली ठेवणं भाग आहे. घनता १, तापमान ०.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कार्यक्षमता ०.१ आणि सगळी शोषलेली शक्ती २०० किलोवॅट असं धरलं तर प्रवाह अडीच किलोअँपिअरच्या आसपास येतो. लहान आणि तुलनेने थंड प्लाझ्मात एका फेरीत लहर पूर्ण शोषली जात नाही, म्हणून प्रत्यक्षात स्थानिक प्रवाह यापेक्षाही कमी धरावा. अशा यंत्रावर पूर्व-आयनीभवन, तापवणं आणि करवती दोलनावर किंवा बेटावर तापवण्याचा परिणाम, हे विषय प्रवाहाच्या शुद्ध अभ्यासापेक्षा पदरात जास्त टाकतात. तिथल्याच एसएसटी-१ टोकामॅकसाठी ८२.६ गिगाहर्ट्झचाही जायरोट्रॉन आहे, १.५ टेस्लाला तो दुसऱ्या हार्मोनिकवर बसतो आणि तिथल्या असाधारण लहरीची मर्यादा ४.२ येते. वरच्या सगळ्या पायऱ्या या दोन यंत्रांचे आकडे घालून पुन्हा करा. उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करताना हीच दोन पानं सोबत जोडा: जुळणीबिंदू, डॉप्लर सरक, घनता-मर्यादा, अपेक्षित प्रवाह आणि चार बाणांचं चित्र.